छप्पनियाची लेक

आमच्या घरातल्या जुन्या माणसांना सन सांगता येत नसत, दुष्काळ सांगता येत. अमक्याचा जन्म कधीचा, तर दुष्काळाच्या आदल्या साली. तमकीचं लग्न कधीचं, तर मानमोडीनंतर दोन पावसाळ्यांनी. या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी एक साल होतं. पणजी त्याला ‘छप्पनियो’ म्हणायची. विक्रम संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. त्या साली गुजरातेत पाऊस आलाच नाही. आधी गुरं गेली, मग माणसं. पणजी तिकडचीच. गावाचं नाव तिला आठवत नव्हतं. नदी होती, दारात लिंब होता आणि आई बाजरीचा रोटला थापायची, एवढीच तिची जन्मभूमी. त्या वेळी ती आठएक वर्षांची असावी.

मी पणजीला पाहिलेलं नाही. तिच्याविषयी मला ठाऊक आहे ते सगळं आजीकडून, म्हणजे तिच्या लेकीकडून. आजी मोठी चोख सांगणारी. मध्येच थांबून ती म्हणे, “हे मी आईकडनं ऐकलेलं, आणि हे मावशीकडनं.” मावशी म्हणजे सख्खी नव्हे, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, केडगावच्या मुक्ती सदनात, पणजीबरोबर वाढलेली मुलगी. आजीला अशा पुष्कळ मावश्या होत्या. रक्ताचं कुणीच न उरलेल्या पोरींनी एकमेकींना बहिणी करून घेतलं होतं आणि ते नातं पुढच्या तीन पिढ्यांनी निभावलं. (आमच्या नगरकडच्या वाचकांसाठी सांगते, हे आपलं शहराला लागून असलेलं केडगाव नाही. पुण्याहून दौंडला जाताना रेल्वेचं स्टेशन लागतं, ते केडगाव.)

पंडिता रमाबाईंनी तिथे शंभर एकरांचा माळ घेतला होता तो वेगळ्या कारणासाठी. पुण्यातल्या आपल्या शारदा सदनाला, म्हणजे मुलींच्या शाळेला, पैशासाठी कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागू नये, म्हणून तिथं फळबाग लावायची होती. पण १८९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या अनाथ मुली घेऊन परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग त्या मुली केडगावच्या माळावर गेल्या, आधी छपरांखाली आणि पुढे दगडी इमारतींत. तीन वर्षांनी छप्पनिया आला तेव्हा गुजरातेतूनही मुली आणल्या गेल्या, आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात पोचली.

त्या दोन हजारांत आमची पणजी. आगगाडीतून उतरवलं तेव्हा तिला चालता येत नव्हतं, असं मावशी सांगायची. डोकं भादरलं, अंगावरचं फडकं जाळून टाकलं आणि चमच्या-चमच्यानं पेज पाजली. उपाशी पोराला एकदम पोटभर वाढलं तर ते दगावतं, हे तिथल्या बायकांना कळलं होतं. तरीही आलेल्यांपैकी कित्येक जगल्या नाहीत. आजी हा भाग कधी गाळत नसे. आमच्या घरातल्या विश्वासाच्या गोष्टीत न वाचलेल्या मुली पहिल्यापासून आहेत.

मुक्तीतल्या मुलींना बाईंच्या स्वतःच्या भुकेची गोष्ट पाठ होती. (रमाबाईंना तिथे नुसतं ‘बाई’ म्हणत.) त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे म्हणजे मोठा विद्वान माणूस. बायकोला त्यांनी संस्कृत शिकवलं, त्यापायी लोकांचा रोष पत्करला आणि कुटुंबाला घेऊन तीर्थामागून तीर्थ हिंडत पुराणं सांगितली. होतं ते शास्त्रात सांगितल्याप्रमाणे दानधर्मात गेलं. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या घरात काहीच शिल्लक नव्हतं. रानातला पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आई अखेरच्या घरघरीत खायला मागत होती, तेव्हा सोळा वर्षांची रमा शेजारच्या दारी गेली. हुंदक्यांनी तिला बोलता येईना. त्या घरच्या बाईनं न सांगताच ओळखून भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. तो घेऊन ती परतली, पण आईला तो खाता आला नाही. पुढे भावाबरोबर उत्तरेत भटकताना झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन रात्र काढली. हे सगळं बाईंनी स्वतः लिहून ठेवलेलं आहे.

हे मी इतकं सविस्तर सांगते आहे, कारण आमच्या ख्रिस्ती माणसांनी शंभर वर्षं एक वाक्य ऐकलं आहे: पोटासाठी बाटले. विहिरीवर ऐकलं, शाळेत ऐकलं, एसटीत शेजारी बसलेल्या माणसानं आडनाव विचारून झाल्यावर ऐकलं. हे वाक्य ज्यांना सहज वाटतं, त्यांनी बाईंच्या आयुष्यातला क्रम नीट पाहावा. भूक आली तेव्हा त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. भुकेनं त्यांच्याकडे होता तो विश्वास मोडला आणि पुढची कित्येक वर्षं त्या जागी काहीच नव्हतं. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. भाऊ गेला. लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आतच पती पटकीनं गेले. पदरात लहानगी मनोरमा उरली. बाप्तिस्मा झाला तो १८८३ मध्ये, इंग्लंडात वाँटेजला. तिथं भूक नव्हती आणि प्लेगही नव्हता. त्यानंतरही सुमारे आठ वर्षं आपण चाचपडतच होतो, असं त्यांनी सांगितलं आहे. इतक्या सावकाश आलेल्या विश्वासाला घाईघाईनं पोटाचं कारण चिकटवणं हा त्या बाईच्या बुद्धीचा अपमान आहे.

आणि हा विश्वास गप्प बसवणाराही नव्हता. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग बंदोबस्तात शारदा सदनातल्या एका मुलीची आबाळ झाली, तेव्हा बाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारच्या कारभारावर जाहीर कोरडे ओढले. राज्यकर्ते ख्रिस्ती, म्हणून त्यांनी आवाज खाली केला नाही. त्याआधी चार वर्षं पुण्यानं त्यांच्यावर धर्मांतराचा ठपका ठेवला होता आणि पालक आपल्या मुली सदनातून काढून घेऊन गेले होते. दोन्ही बाजूंनी एकट्या पडलेल्या बाईला जमिनीवर पाय रोवायला कुठंतरी जागा लागते. ती त्यांना प्रार्थनेत सापडली.

ती प्रार्थना कशी होती, याचं वर्णन मी आजीकडून पुष्कळदा मागून ऐकलं. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदत करायचं वचन दिलं होतं. ती मुदत १८९८ मध्ये संपली आणि त्यानंतर मुक्तीला ठरलेलं असं उत्पन्न नव्हतं. ब्रिस्टलला जॉर्ज म्युलर यांनी कुणापुढे हात न पसरता, केवळ देवाकडे मागून अनाथाश्रम चालवले होते. बाईंनी ते वाचलं होतं. पणजी सांगायची की पहाटेच्या प्रार्थनेत मोघम काही मागितलं जात नसे. धान्य किती दिवसांचं उरलंय, तेल किती, आजारी किती, सगळं मोजून देवापुढे मांडायचं. मांडून झालं की सगळ्या कामाला लागत. कुणी विहिरीवर, कुणी मागावर, कुणी तेलघाण्यावर, कुणी गोठ्यात, कुणी छापखान्यात. पणजीच्या वाट्याला आधी जातं आलं आणि अक्षरओळख झाल्यावर छापखान्यातले खिळे. गुजरातीतून आलेली ही पोर मराठी अक्षरं उलटी वाचून शिकली, कारण खिळ्यावर ती उलटीच असतात. म्हातारपणी तिला वर्तमानपत्र कसंही धरलं तरी वाचता यायचं, याचा आजीला फार अभिमान होता.

पाऊस पुन्हा पडू लागल्यावर तिचा कुणी मामा शोधत आला होता, अशी एक गोष्ट आमच्या घरात आहे. आजी ती दोन तऱ्हांनी सांगे. एकदा म्हणे, पणजी त्याच्यासमोर गेलीच नाही. एकदा म्हणे, गेली, बोलली, रडली आणि परत आत आली. कोणतं खरं, देव जाणे. दहा-अकरा वर्षांच्या पोरीनं तेव्हा धर्म निवडला, असं मी म्हणणार नाही. तेवढ्या वयात मुलं जिथं ऊब मिळते तिथं राहतात. तिच्या विश्वासाचा कस लागायला अजून बराच अवकाश होता.

तिचं लग्न झालं ते आमच्या नगरकडच्या मिशनशाळेतल्या मास्तरांशी. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं होतं. पणजीच्या वेळेपर्यंत गावोगाव त्याच्या शाळा होत्या: एक खोली, एक मास्तर, पुढ्यात महार-मांगांची पोरं, आणि रविवारी त्याच खोलीत उपासना. पणजोबा मूळचे महार समाजातले, दुसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. नेवासे तालुक्यातल्या एका गावी हे दोघे राहिले. पगार तुटपुंजा. गावच्या विहिरीवर चढायची बंदी ख्रिस्ती झाल्यानं काही उठली नव्हती. पणजी बोलायची मराठीच, पण हेल गुजराती. म्हणून बायका तिला ‘गुजरीण’ म्हणत, आणि चिडल्या की दुष्काळातली बाटगी म्हणत.

मग मानमोडी आली.

१९१८ साल. त्या वर्षी पावसानंही दगा दिला होता. मुंबईच्या बंदरातून शिरलेला तो इन्फ्लुएंझाचा ताप दसरा-दिवाळीच्या सुमारास खेड्यापाड्यांत पोचला. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली, त्यांत मुंबई इलाख्याचं नुकसान फार मोठं. पणजीच्या घरातली दोन मुलं एकाच आठवड्यात गेली. मोठा मुलगा आणि त्याच्या पाठची मुलगी. मास्तर स्वतः तापानं फणफणत पडलेले. गावात खड्डा खणायला धड माणूस उरला नव्हता. ख्रिस्ती मंडळीची दफनाची जागा ओढ्यापलीकडे होती. पहिला खड्डा शेजाऱ्यांनी खणला. दुसरा पणजीनं स्वतः खणला. बरोबर मांगवाड्यातली एक म्हातारी होती. ती ख्रिस्ती नव्हती, पण टिकाव घेऊन आली.

यानंतरचं आजी सांगे ते मी जसंच्या तसं मनात धरून ठेवलं आहे. पणजी उपासनेला जायची थांबली नाही. दर रविवारी आली, नेहमीच्या जागी बसली आणि तोंड मिटून राहिली. प्रार्थना नाही, गाणं नाही, आमेनसुद्धा नाही. आठवड्यांमागून आठवडे. पाळक समजूत घालायला आले तेव्हा म्हणाली, “मला त्याच्याशी बोलायचं नाही. पण मी घर सोडून गेले नाही, एवढं त्याला सांगा.” रात्री घरात मात्र तिचा आवाज यायचा. ती देवाला गुजरातीत बोलत असे, मराठीत नाही. बालपणीच्या त्या मोडक्यातोडक्या भाषेत, जी घरात दुसऱ्या कुणालाच कळत नव्हती. मास्तरांनी कधी विचारलं नाही. एका रविवारी ती गाण्यात सामील झाली. काय झालं होतं, कुणी सांगितलं नाही.

छप्पनिया संपून तेव्हा अठरा वर्षं उलटली होती. मुक्तीतली पेज केव्हाच विसरली गेली होती. चर्चला चिकटून राहण्यात तिला दमडीचा फायदा नव्हता. उलट पाण्यासाठी ताटकळावं लागे आणि शब्द ऐकावे लागत. पोटासाठी आलेलं माणूस पोट भरल्यावर जातं. पोटची पोरं गेल्यावर तर नक्कीच जातं. ती राहिली. माझ्या मते तिचा बाप्तिस्मा खऱ्या अर्थानं त्या वर्षी झाला.

त्या दिवसांत नगरची मंडळी टिळकांच्या भजनांवर जगली, असं आजी म्हणे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक नगर-राहुरीच्या बाजूलाच राहिले आणि त्यांनी ख्रिस्ताला मराठी संतांच्या वाटेनं घरात आणलं. अभंग, कीर्तन, टाळ. ज्या धर्मात देवाशी भांडायची रीत नाही तिथं पणजीसारखीला बसता आलं नसतं. अभंगात ती रीत आहे. वारकरी देवावर रुसतो, त्याला बोल लावतो आणि पुन्हा त्याच्याच दारात उभा राहतो. टिळक १९१९ च्या मे महिन्यात गेले. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. नवऱ्याच्या धर्मांतरानं जिचं सगळं घर उधळलं होतं आणि जी बाई पाच वर्षांनी स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे आली, तीच ही. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आजीच्या उशाशी असत.

केडगावची बातमी मावश्यांच्या पत्रांतून येई. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. बाईंच्या मागे मुक्ती तीच चालवणार, हे सगळ्यांनी धरलेलं होतं. चाळिशीतली लेक. बाईंना तेव्हा कानांनी फारसं ऐकू येत नव्हतं आणि शरीर थकलं होतं. त्यांच्या हाती एक काम बाकी होतं. साध्या माणसाला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या आणि वर्षानुवर्षं भाषांतर करत होत्या. छपाई मुक्तीतच, मुलींच्याच हातांनी. पणजीनं ज्या पेट्यांतून खिळे उचलले, त्याच पेट्यांतून. लेक गेल्यावरही मुद्रितं तपासणं थांबलं नाही. मावश्या सांगत की अखेरची पानं तपासून व्हावीत एवढे दिवस बाईंनी मागून घेतले, आणि ते काम उरकल्याच्या रात्रीच त्या गेल्या. ५ एप्रिल १९२२. दिवसांचा तो हिशेब भक्तिभावानं थोडा जुळवला गेला असेल. पण मुलीला पुरून आलेल्या आईनं कानामात्रा तपासत बसणं, यात जुळवलेलं काही नाही.

१९७२ चा दुष्काळ मी स्वतः पाहिला. मी शाळेत होते. विहिरींचे तळ उघडे पडले होते. गावातले बाप्ये-बाया खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर जात. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या आणि शाळेत मिळणारी सुकडी, यांची चव माझ्या पिढीतला कुणी विसरलेला नाही. आजी तेव्हा सुकडी वाटपावर देखरेख करायची. रांगेत कुणाची जात आणि कुणाचं देऊळ ती विचारत नसे आणि दुसऱ्या कुणाला विचारू देत नसे. “मला पेज देताना कुणी विचारलं नव्हतं,” हे वाक्य तिच्या आईचं. ती ते स्वतःचं असल्यासारखं वापरायची.

एका रविवारी पाळकांनी हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातला तिसरा अध्याय काढला. त्याच्या शेवटाला नुकसानीची सबंध यादी आहे: अंजीर फुलला नाही, वेलीला द्राक्ष नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात दाणा नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात बैल नाही. इतकं सांगून झाल्यावरही तो संदेष्टा देवाच्या ठायी आनंद करायचं म्हणतो. मंडळीत बसलेल्या प्रत्येकाचा गोठा तेव्हा रिकामा होता. बैल चारा-छावणीत किंवा कसायाकडे. मी आजीकडे पाहिलं. ती रडत नव्हती, हसतही नव्हती. यादी ऐकता ऐकता बोटांवर मोजत होती, जणू आपली कुठली वस्तू राहून तर गेली नाही ना, हे पडताळून पाहत होती. संकटात विश्वास ठेवणं म्हणजे काय, हे मला त्या बोटांवरून कळलं. आमच्या बायकांनी देवासमोर नुकसान कधी लपवलं नाही.

आता उरला तो कागदाचा प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे ज्यांना ‘पोटासाठी बाटले’ म्हणून हिणवलं, त्यांच्याच नातवंडांना त्या धर्मात राहण्यासाठी पोटावर पाय घ्यावा लागला. माझे आजोबाही शिक्षक. एका भल्या कारकुनानं त्यांना सुचवलं होतं, मास्तर, कागदावर हिंदू लिहा, घरात काय करायचं ते करा. आजोबांनी ख्रिस्ती लिहिलं. आमच्या नात्यातल्या काहींनी दुसरं लिहिलं. त्यांना मी बोल लावत नाही. त्यांच्या घरीही रात्री प्रार्थना होते, आणि मुलांना शिकवायचं की नाही हा प्रश्न ज्याला पडलेला नाही त्यानं त्यावर बोलू नये.

हाच प्रश्न परवा माझ्या भाच्यापुढे आला. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म समोर होता. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर आयोग नेमला, हे त्याला ठाऊक होतं, माझ्यापेक्षा जास्तच. तो म्हणाला, “आत्या, पणजीबाईंनी काय केलं असतं?” मी त्याला मानमोडीचं साल सांगितलं, ओढ्यापलीकडचा खड्डा सांगितला, तोंड मिटून काढलेले रविवार सांगितले. ‘बॉम्बे गार्डियन’मधल्या पत्राचंही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं फॉर्ममध्ये ख्रिस्ती लिहिलं, बँकेत शिक्षणकर्जाची चौकशी केली, आणि पुढच्या महिन्यात दलित ख्रिस्ती हक्कांच्या मोर्चाला आझाद मैदानावर गेला.